मुद्रिका आणि विस्मृती

सेलूच्या एका शाळेत तीस वर्षे संस्कृत आणि मराठी शिकवून निवृत्त झालेले एक शिक्षक, जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहाखातर, मुंबईत रिचर्ड वागनरची ‘ग्योटरडेमरुंग’ ही संगीतिका पाहायला गेले. रंगभूमीवर नव्हे, पडद्यावर. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने 11 फेब्रुवारी 2012 रोजी तिचा प्रयोग जगभरच्या चित्रपटगृहांत थेट प्रक्षेपित केला होता. त्याचे ध्वनिचित्रमुद्रण पुढे एका सभागृहात दाखवले जात होते.

पाच तासांहून अधिक चालणाऱ्या प्रयोगाचे त्यांना दडपण नव्हते. रात्र जागवणाऱ्या संगीत नाटकांचे संस्कार जुने होते. अडचण आली ती वेगळीच. येथे पदे सुटी काढता येत नाहीत, म्हणून ‘वन्स मोअर’लाही जागा नाही. त्याऐवजी छोट्या छोट्या स्वराकृती वाद्यवृंदातून पुनःपुन्हा येत राहतात. जर्मन भाषा अनोळखी, इंग्रजी उपशीर्षके भराभर सरकणारी. पण तासाभरात सरांच्या ध्यानात आले की ही कथा आपण वर्गात शिकवलेली आहे.

वीर आपल्या पत्नीला खुणेची अंगठी देतो आणि परमुलखात जातो. तेथे तो तिला विसरतो. ती समोर उभी राहते तेव्हा तिला ओळखत नाही. ‘अभिज्ञानशाकुंतला’शी असलेले हे साम्य सिद्ध करण्यासाठी ऋणाचा दावा मांडण्याची गरज नाही. गेओर्ग फोर्स्टरने 1791 मध्ये ‘शाकुंतल’ जर्मनमध्ये आणले, गटेने ते डोक्यावर घेतले, शूबर्टने 1820 मध्ये त्यावर संगीतिका रचायला घेतली व अपुरी सोडली, हे खरे. तथापि महत्त्वाचे आहे ते साम्यातले अंतर. कालिदासाची मुद्रिका स्मृतीची आहे, वागनरची सत्तेची. पहिली सापडली की नाते सापडते. दुसरी ज्याच्या हाती जाते त्याचा घात करते. बायरॉइटला ‘रिंग’चे चारही भाग प्रथम सलग झाले ते ऑगस्ट 1876 मध्ये, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आले ते 31 ऑक्टोबर 1880 रोजी. चार वर्षांच्या अंतराने दोन मुद्रिका दोन रंगभूमींवर चमकल्या आणि एकमेकींना ओळख न देता गेल्या.

दुसऱ्या अंकात ब्रुनहिल्डेला ती अंगठी झीगफ्रीटच्या बोटावर दिसते. नाट्यगृहात हा क्षण दुरून पाहावा लागतो. कॅमेरा मात्र चेहरा जवळ आणतो. झीगफ्रीट शपथ घेऊन तिचा आरोप नाकारतो, आणि तो खोटे बोलत नसतो, कारण त्याला विस्मृतीचे पेय पाजलेले आहे. पण वाद्यवृंदाने ते पेय घेतलेले नाही. पात्र विसरते, स्वर विसरत नाहीत.

सर उपशीर्षके वाचायचे थांबले ते येथे.

दुर्वासाचा शाप ही कालिदासाची प्रतिभा, असे ते तीस वर्षे सांगत आले होते. महाभारतातल्या दुष्यंताला शापही नाही आणि अंगठीही नाही. त्याला सारे आठवत असते, तरी तो भर सभेत शकुंतलेला नाकारतो. शापामुळे नायकाचे धीरोदात्तपण राखले गेले, हे विवेचन विद्यार्थी परीक्षेत लिहीत आणि गुण मिळवीत. वागनरचे पेयही तेच काम करते. दोन्ही नाटककारांनी नकाराचा दोष माणसाच्या बाहेर नेऊन ठेवला.

सरांच्या मुलीने नऊ वर्षांपूर्वी जातीबाहेर नोंदणी विवाह केला होता. कोणी विचारले तर ‘मला मुलगी नाही’ एवढेच ते सांगत. तिची पत्रे सेलूला येत. हस्ताक्षर ओळखीचे असल्यामुळेच पाकीट न फोडता कपाटात जाई. येथे शाप नव्हता, पेय नव्हते. महाभारतातल्या राजाप्रमाणे त्यांना सारे आठवत होते. धीवर मासा चिरील आणि मुद्रिका दरबारात आणून देईल, अशी सोय त्या कथेत नाही.

मनमाडमार्गे जाणाऱ्या रात्रीच्या गाडीने ते सेलूला उतरले. नाटक कसे होते, असे पत्नीने विचारले तेव्हा ‘गोष्ट आपलीच होती’ असे म्हणाले. दुपारी त्यांनी कपाट उघडले. पाकिटांवरचे शिक्के पाहून सर्वांत जुने आधी फोडले, मग क्रमाने बाकीची. त्याला संध्याकाळ लागली.

नंतर ते उत्तर लिहायला बसले. ‘चि.’ लिहून झाले. त्यापुढे ‘सौ.’ लिहायचे की नाही, एवढ्यावर लेखणी बराच वेळ थांबली. मग त्यांनी ते लिहिले.