होसकोटेचे तळे आणि नंदीचा डोंगर

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच आमच्या घरात नाताळच्या सुट्टीचे वारे वाहू लागतात. या वेळी लेकीने फर्मानच काढले होते, "मला तळं हवं, डोंगर हवा आणि बोलताना तोंडातून वाफ निघाली पाहिजे!" म्हणजे सरळ नैनितालच. पण आईचे गुडघे, रेल्वेची प्रतीक्षा यादी आणि घरखर्चाची वही या तिघांनी मिळून नैनिताल रद्द केले. तेवढ्यात ताईचा फोन आला. "इकडेच या ना. आमच्या होसकोट्याला तळं आहे, डोंगर पन्नासेक किलोमीटरवर आहे. वाफेचं मात्र सांगत नाही."

पुण्या-कोल्हापूरहून बंगळूरला येणारा जुना चार नंबरचा महामार्ग पुढे चेन्नईकडे जायचा. बंगळूर मागे टाकल्यावर त्या वाटेवर लागते ते होसकोटे, शहरापासून पंचवीस-सत्तावीस किलोमीटरवर. १९९८ मध्ये इथे व्होल्वोचा ट्रकचा कारखाना सुरू झाला. आज आजूबाजूला कारखाने आणि गोदामे यांची दाटी आहे. आमचे भावोजी नोकरीनिमित्त इथे आले त्याला आता नऊ वर्षे झाली. नऊ वर्षे भाड्याच्या घरात, हे वाक्य ताई दिवसातून दोनदा तरी म्हणते. ते पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून आताच सांगून ठेवते.

पहिल्याच पहाटे भावोजींनी आम्हाला तळ्यावर नेले. स्वेटर, कानटोपी, आईची शाल आणि थर्मासमधली कॉफी असा सगळा सरंजाम होता. बंगळूरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंच, त्यामुळे डिसेंबरच्या पहाटे पारा पंधरा अंशांच्या आसपास उतरतो. बांधावर चढलो तेव्हा समोर नुसते धुके होते. पाणी दिसत नव्हते, फक्त ऐकू येत होते. कुठेतरी पंख फडफडत होते, कुणीतरी बुडी मारत होते. मग सूर्य वर आला, धुके विरत गेले आणि पलीकडचा काठ दिसेनासे इतके मोठे पाणी उघडे पडले. लेकीने तोंड उघडून जोरात श्वास सोडून पाहिला. वाफ निघाली नाही. पण तोवर तिला झोळीवाले पक्षी दिसले होते. चोचीखाली पिशवी लटकवून ते असे गंभीरपणे तरंगत होते, की जणू बाजाराला निघालेले आजोबाच! तलवार बदके, थापटे, काठावर शेपूट नाचवणारे धोबी हे हिवाळी पाहुणे. त्यातले कितीतरी हिमालय ओलांडून येतात. आम्ही नैनितालला गेलो नाही, पण त्या बाजूची मंडळी इथे येऊन उतरली होती.

कन्नडमध्ये 'होस' म्हणजे नवा आणि 'कोटे' म्हणजे किल्ला. सुगटूरच्या नायकाने १५९५ च्या सुमारास हा किल्ला बांधला आणि तळेही बांधले. बांधाची लांबी सुमारे दोन मैल आणि तळे भरले की पाण्याचा घेर दहा मैलांचा, असे जुने गॅझेटियर सांगते. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे या मुलखात आले आणि बंगळूर, कोलार, बाळापूर, शिरे यांच्याबरोबर होसकोटेही त्यांच्या जहागिरीत आले. पुढे १७६१ मध्ये, म्हणजे पानिपतच्याच वर्षी, हैदर अलीने ते घेतले. गावाच्या नावात किल्ला आहे, पण गावकरी पाहुण्याला आधी तळेच दाखवतात.

आईला मात्र पक्ष्यांत फारसा रस नव्हता. ती माण तालुक्यातली. १९७२ च्या दुष्काळात ती पंधरा वर्षांची होती आणि पाझर तलावाच्या कामावर तिने डोक्यावरून माती वाहिली आहे. बांधाची दगडी पिचिंग तिने हाताने चाचपून पाहिली आणि विचारले, "एवढं पाणी येतं कुठनं?"

काठावर एक म्हातारे कोळी जाळे सोडवत बसले होते. भावोजींनी कन्नडमध्ये विचारले. त्यांनी हात वर करून वायव्येकडे दाखवले. "नंदी बेट्ट," ते म्हणाले. नंदीचा डोंगर! दक्षिण पिनाकिनी नदी तिकडच्या डोंगरात उगम पावते आणि होसकोट्यावरून पुढे तमिळनाडूत जाते. पण नदी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कृष्णा येते, तसे इथे नाही. पाऊस पडला तरच ती वाहते. वरचे तळे भरले की सांडव्यावरून पाणी खालच्या तळ्यात, तिथून आणखी खालच्या. अशी तळ्यांची माळ ओवत ते इथवर येते. तळे भरून सांडू लागले की गावच्या बायका सुपात हळदकुंकू, बांगड्या घालून त्याला बागिन देतात, म्हणजे आपले वाणच. कोळीबाबा पुढे काही बोलले ते भावोजींनी जरा थांबून सांगितले. "म्हणतात, काही वर्षी वर पाऊस पडतो तरी इथे पाणी पोचत नाही. मधल्या वाटा बुजल्यात." आई काहीच बोलली नाही.

त्या दिवशी जेवायला ताईने नाचणीचे मुद्दे आणि अवरेकाळूचे सारू केले होते. अवरे म्हणजे आपल्या पावट्याचा भाऊ. थंडी पडली की इथल्या बाजारात त्याचे ढीग लागतात आणि दाणे भिजवून, साले काढून केलेले सारू घरोघरी शिजते. मुद्दा चावायचा नसतो, सारात बुडवून गिळायचा असतो. हे शिकायला मला दोन जेवणे लागली. आईने पहिल्याच घासाला जमवले.

रविवारी नंदी. पहाटे चारला निघालो. वाटेत देवनहळ्ळी, टिपूचे जन्मगाव. या भागात द्राक्षांचे मांडव दिसतात. 'बंगळूर ब्लू' हे इथले काळेभोर द्राक्ष खाल्ले की नाशिककरांनाही क्षणभर थांबावे लागेल. नंदीची उंची १४७८ मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहून शंभरएक मीटर जास्तच. माथ्यावर पोचलो तेव्हा ढग आमच्या पायाखाली होते आणि लेकीच्या तोंडातून अखेर वाफ निघाली. तिने ती प्रत्येकाला दाखवली. एका अनोळखी पोलिसालासुद्धा!

इथे टिपूचा कडा आहे, कमिशनर कबनचा बंगला आहे. पण मला थांबवले ते गांधीजींच्या आठवणीने. १९२७ च्या मार्चमध्ये आपल्या सीमाभागातल्या निपाणीत गांधीजी रक्तदाबाने आजारी पडले. आंबोलीत थोडी विश्रांती झाली आणि एप्रिलमध्ये डॉक्टरांनी त्यांना इथे नंदीवर आणले. पुढे १९३६ मध्येही ते इथे येऊन राहिले. इथली हवा अंगाला लागल्यावर डॉक्टरांनी हीच जागा का निवडली ते कळते.

नऊच्या सुमारास ढग फाटले आणि खालचा मुलूख दिसला. ऊन पडताच ठिकठिकाणी तळी चमकू लागली, जणू कुणी खिशातली नाणी सांडली आहेत. या डोंगररांगेतून पाणी चार दिशांना जाते. उत्तर पिनाकिनी आंध्रात, पालार वेल्लोरकडे, अर्कावती कावेरीला आणि दक्षिण पिनाकिनी आपल्या होसकोट्याला. आई कठड्याला धरून कितीतरी वेळ एकाच बाजूला पाहत होती. मग ताईकडे वळून म्हणाली, "तुमचा तो प्लॉट कुठल्या बाजूला येतो गं?"

प्लॉटची गोष्ट अशी. होसकोट्याबाहेर नव्या वसाहतीत ताई-भावोजींनी एक जागा पसंत केली होती. सोमवारी बयाणा द्यायचा होता. कागद पाहून झाले होते, ताईने देवघर कुठे आणि तुळस कुठे हेही ठरवले होते. परतताना आईच्या हट्टाने गाडी तिकडे वळवली. जमीन छान सपाट, चुन्याच्या रेघा मारलेल्या, कोपऱ्यात दगडी खुंट्या. आई गाडीतून उतरली ती प्लॉटकडे न जाता रस्त्याकडे गेली, गुडघे धरत वाकली आणि म्हणाली, "इथं मोरी कशाला बांधलीय?"

खरेच, रस्त्याखाली जुनी दगडी मोरी होती. पलीकडे तिच्या तोंडाशी लव्हाळे उगवले होते. अलीकडे तोंडावर वसाहतीची नवी भिंत उभी होती. "पाणी नसतं तर लव्हाळा कशाला उगवेल? आणि वाट नसती तर मोरी कशाला बांधली असती कुणी?" आई म्हणाली.

भावोजी गप्प झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळूरच्या पूर्व भागात पाणी शिरले तेव्हा बेळ्ळंदूरच्या बाजूला बंगल्यांतली माणसे ट्रॅक्टर आणि होड्यांतून बाहेर काढावी लागली होती. त्यांचे एक सहकारी त्यात सापडले होते. ताई मात्र चिडली. "आई, तुला प्रत्येक ठिकाणी दुष्काळ नाहीतर पूर दिसतो. नऊ वर्षं भाड्यानं राहतोय आम्ही!" तिचेही खोटे नव्हते. मुलाची शाळा इथे, भावोजींची नोकरी इथे आणि जागांचे भाव दर दिवाळीला वर जाताहेत. घरी येईपर्यंत गाडीत कुणी बोलले नाही. लेक तेवढी झोळीवाल्याचे चित्र काढत होती.

सोमवारी बयाणा दिला गेला नाही, मोडलाही नाही. भावोजींनी आठ दिवसांची मुदत मागितली आणि गावनकाशा पाहायला ते तालुका कचेरीत गेले.

तुम्हाला जायचे असेल तर डिसेंबर-जानेवारी उत्तम. मुंबई-पुण्याहून उद्यान एक्स्प्रेसने बंगळूरला उतरावे. व्हाइटफील्डपर्यंत आता मेट्रो आहे, तिथून होसकोटे जवळ. तळ्यावर सूर्योदयाआधी पोचा, दुर्बीण असेल तर न्या. नंदीला शनिवार-रविवार टाळा, गाड्यांच्या रांगेतच सूर्य वर येतो. गरम कपडे मात्र विसरू नका. आमची कानटोपी ताईकडेच राहिली.

ती परवा टपालाने आली. सोबत ताईचा फोन. नकाशात त्या जागेवरून ओढ्याची रेघ गेली होती. आता उंचावरची एक जागा पाहिली आहे, लहान आहे आणि महागही. देवघर मावेल, तुळस गच्चीत ठेवावी लागेल. बोलून झाल्यावर मी फोन आईकडे दिला. तिने जागेबद्दल एक शब्दही विचारला नाही.

"तळ्यात पाणी किती आहे गं अजून?" ती म्हणाली.