एक तार काढून पाहा

मराठीच्या प्राध्यापकाने मोटारीच्या इंजिनावर लिहावे हा शुद्ध आगाऊपणा आहे, हे मला मान्य आहे. माझ्या हातांना खडूच्या भुकटीखेरीज दुसरा डाग ठाऊक नाही. पण गेल्या भाऊबीजेला माळशेज घाटात आमच्या जुन्या जीपने मला एक धडा दिला. तो काही केल्या मनातून जात नाही.

जीप वडिलांची. चार सिलिंडरांची, पेट्रोलवर चालणारी, वयाने माझ्यापेक्षा थोरली. वडील गेल्यावर ती ओतूरला दादाकडे राहिली. आणि आईही दादाकडेच राहिली. मी पुण्याला. दर महिन्याला पैसे पाठवतो, सणावाराला जातो, आणि "दादा, ती जीप आता विकून टाक" असा सल्ला देऊन परत येतो.

कल्याणला ताईकडून ओवाळून घेऊन आम्ही दोघे भाऊ जीपने परत निघालो होतो. टोकावडे मागे पडले, घाटाचा चढ लागला आणि गाडी अडखळू लागली. जन्मभर वृत्ते शिकवणाऱ्या कानाला ते लगेच कळले. चारांच्या ठेक्यातल्या मात्रा गळत होत्या. पाठोपाठ तापमानाचा काटा शेवटाला टेकला आणि बॉनेटखालून वाफ येऊ लागली.

मी उडी मारून रेडिएटरचे झाकण उघडायला धावलो. दादाने मनगट धरले.

"अरे, तोंड भाजून घेशील! आतलं पाणी दाबाखाली आहे. निवू दे आधी."

निवायला तासभर लागला. तेवढ्या वेळात मी निदानांचा सपाटा लावला : पेट्रोलमध्ये कचरा असेल, प्लग गेले असतील, पट्टा सैल झाला असेल. दादा म्हणाला, "एका वेळी एकच बघायचं. दहा गोष्टी एकदम हलवल्या, तर कशानं बरं झालं तेही कळत नाही." त्याने पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला, ठीक होता. प्लग काढून फट पाहिली. तीस थाऊ, बरोबर. डिस्ट्रिब्यूटरच्या पॉइंटची वीस थाऊ, तीही बरोबर. मग फडके धरून झाकण उघडले, हळूहळू पाणी भरले आणि झाकण उघडेच ठेवून इंजिन चालू केले.

आता त्याने कोरड्या फडक्याची जाड घडी हातात घेतली आणि पहिल्या प्लगची तार उपसली. इंजिन लटपटले. तार परत लावली. दुसरी काढली, पुन्हा लटपटले. तिसरी काढली. काही नाही! चौथी काढली. काही नाही!

"हे बघ," दादा म्हणाला, "ही दोघं जागेवर आहेत, तारही जोडलेली आहे, पण कामाला नाहीत. काढली काय नि लावली काय, गाडीला फरक नाही. सगळं ओझं बाकीची दोघं ओढतायत."

रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येत होते. ते दाखवून तो म्हणाला, "हेड गॅस्केट. तीन आणि चारच्या मध्ये जळलंय. एकाचा दाब दुसऱ्यात जातोय, आणि थोडा पाण्यात."

दादा इंजिनाविषयीच बोलत होता. त्याच्या मनात दुसरे काही नव्हते. पण मी मुकाट्याने रस्त्याकडेच्या दगडावर जाऊन बसलो. आईच्या औषधांच्या वेळा मला ठाऊक नव्हत्या. रात्री तिला कितीदा उठवून बसवावे लागते, तेही ठाऊक नव्हते. ओतूरच्या घरातून माझी तार कुणी उपसली असती, तर तिथला आवाज बदलला असता का?

एका ट्रकवाल्याने दोर बांधून आम्हांला घाट चढवला. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने हेड उतरवले. तिसऱ्या आणि चौथ्या भोकांमधली गॅस्केटची पट्टी काळी पडून तुटली होती.

"नवं घाला आणि मोकळं करा," मी म्हणालो.

मिस्त्री हसला. "सर, गॅस्केट का जळलं ते नको बघायला? विहिरीचं जड पाणी वर्षानुवर्षं घातलंत. रेडिएटरच्या नळ्या क्षारानं बुजल्या, पाणी फिरेना, म्हणून इंजिन तापलं. तापलं म्हणून गॅस्केट गेलं, आणि ते गेलं म्हणून गाडी अडखळली. दुखणं एकच. नुसतं गॅस्केट बदललंत, तर पुन्हा माझ्याच दारात याल."

त्याने रेडिएटर उकलून साफ केला, हेड सपाट करवून आणले आणि बोल्ट मधून कडेकडे, क्रमाक्रमाने आवळले. विहिरीचे पाणी बंद झाले. आता कूलंट घालतो.

घालतो, म्हणजे मीच घालतो. कारण तेव्हापासून एक आड एक शनिवारी मी ओतूरला जातो आणि आईला जीपमधून दवाखान्यात नेतो. पहिल्या शनिवारी परत आलो, तर दादा भरदुपारी ओसरीवर गाढ झोपला होता. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हळू बोला. किती दिवसांनी झोपलेत!"

मागच्या महिन्यात परीक्षेच्या कामामुळे माझा एक शनिवार चुकला. संध्याकाळी दादाचा फोन आला. "काय रे, आला नाहीस? आई सकाळपासून दाराकडे बघतेय."

मी क्षमा मागितली. पण वाचकहो, खरे सांगतो, मनातून मला फार बरे वाटले. तार निघाली होती, आणि आवाज बदलला होता.