नाकतोड्याचे डावे-उजवे

चाळिशी उलटलेल्या गृहस्थाने कोणता नाद करावा, याविषयी आपल्या समाजाचे संकेत ठरलेले आहेत. त्याने नाट्यगीते ऐकावीत, गुलाबाची कलमे लावावीत, फार तर पहाटे उठून योगासने करावीत. मराठीच्या प्राध्यापकाला आणखी एक सवलत असते. त्याने कविता केल्या तरी लोक क्षमा करतात. परंतु रविवारी सकाळी काखेत खेळण्यातली मोटार घेऊन तो आर्णी रोडने निघाला, की शेजारीपाजारी आधी त्याच्याकडे आश्चर्याने आणि मग त्याच्या पत्नीकडे सहानुभूतीने पाहू लागतात.

ही मोटार म्हणजे काय चीज आहे, ते आधी सांगतो. जपानात शिझुओका येथे टामिया नावाची कंपनी आहे. १९४६ साली लाकूड कापण्याच्या धंद्यातून तिचा आरंभ झाला. पुढे ती लहान प्रतिकृतींचे संच करू लागली. १९७६ साली तिने बिनतारी यंत्राने दुरून चालवायची पहिली मोटार काढली, १९७९ साली रेतीतून आणि खाचखळग्यांतून धावणाऱ्या बग्ग्या काढल्या आणि १९८४ साली 'ग्रासहॉपर' बाजारात आणली. ग्रासहॉपर म्हणजे आपला नाकतोडा. खऱ्या बग्गीच्या एक दशांश आकार, पांढरे प्लॅस्टिकचे अंग, मागे काटेरी टायर आणि आत शिरस्त्राण घालून बसलेला एक इवलासा चालक. हिचा मागचा आस अखंड आहे. एक चाक ढेकळावर चढले की दुसऱ्यालाही स्वस्थ बसवत नाही. त्यामुळे ती धावते कमी आणि उड्या मारते जास्त. इतके चपखल नाव आम्हां मराठीवाल्यांनाही सुचले नसते.

बोटीवर नोकरीला असलेल्या माझ्या मामांनी ती १९८६ साली जपानहून आणली. दोनएक वर्षांत तिची बॅटरी निकामी झाली. तशी बॅटरी त्या काळी यवतमाळात कोठून मिळणार? मग मध्यमवर्गीय घरात परदेशी वस्तूचे जे होते, तेच तिचे झाले. ती शोकेसमध्ये गेली. एका बाजूला चिनी मातीचा बुद्ध, दुसऱ्या बाजूला ताजमहाल आणि मध्ये आमचा नाकतोडा, असा तो संसार तीस वर्षे सुखाने चालला.

२०१९ साली माझ्या लेकीने काच सरकवून विचारले, "बाबा, ही चालते का?" ती तेव्हा बारा वर्षांची होती. 'चालत होती' असे उत्तर देऊन मोकळे होता आले असते, परंतु भूतकाळातल्या क्रियापदांनी मुलांचे समाधान होत नाही. चौकशी केली तेव्हा कळले, की टामियाने २००५ साली हेच मॉडेल पुन्हा काढले होते आणि त्यामुळे जुन्या गाडीला लागणारे बरेच सुटे भागही मिळत होते. टायरचे रबर तडकले होते, ते बदलले. जुनी बॅटरी निकेल-कॅडमियमची, सव्वा-सव्वा व्होल्टच्या सहा घटांची. तिच्या जागी त्याच आकाराची नव्या जातीची बॅटरी बसली. वेग कमीजास्त करणाऱ्या पट्टीवर गंज चढला होता, तो लेकीने पॉलिश पेपरने घासून काढला. या गाडीची हीच खुबी आहे. तिच्यात न उघडणारी वस्तू जवळजवळ नाही. स्क्रू काढा, दाते मोजा, वंगण घाला आणि पुन्हा मिटा.

गाडी चालवायला जागा हवी. ती निघाली आमच्याच वडिलोपार्जित शेतात. चार एकर कोरडवाहू रान, कितीतरी वर्षे मक्त्याने दिलेले. त्याच्या धुऱ्यालगत, म्हणजे बांधालगत, एक पडीत पट्टा आहे. तेथे आमची शर्यत चालते. प्रतिस्पर्धी नसल्यामुळे पहिला नंबर हुकत नाही. काळ्या मातीची तऱ्हा मात्र औरच. पावसाळ्यात ती चाकांना अशी बिलगते, की नाकतोड्याची गोगलगाय होते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि त्यांत पुढचे चाक अडकते. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचा हंगाम सर्वांत चांगला. तेव्हा कापसाची वेचणी चालू असते. वाऱ्याने उडालेले तंतू आसाला गुंडाळले जातात आणि घरी आल्यावर ते चिमट्याने काढत बसावे लागते. शिझुओकाच्या कारागिरांनी रेतीचा विचार केला असेल. कापसाचा केला नसावा.

कोणी म्हणेल, हे खेळ परक्यांचे. मी म्हणतो, चाकांवरच्या खेळण्याची आम्हां वऱ्हाड-नागपूरकडच्या लोकांना काय नवलाई? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा भरतो. चाके लावलेले लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत मुले मिरवायला नेतात. माझाही एक बैल होता. फरक एवढाच, की दोरीचा बैल जन्मभर आपल्या मागून येतो. आपण वळलो की तो वळतो. या गाडीला दोरी नाही. ती पुढे जाते, आणि मुख्य म्हणजे, उलट फिरून आपल्या अंगावर चालून येते.

सगळी मेख येथेच आहे. गाडी आपल्यापासून दूर जात असते, तोवर तिचे उजवे तेच आपले उजवे. हातातला दांडा उजवीकडे ढकलला की ती उजवीकडे जाते. शेंबडे पोरही चालवील! पण ती वळून तोंड समोर करून येऊ लागली, की दांडा उजवीकडे ढकलावा तर ती आपल्या डावीकडे पळते. गाडीचे काही चुकत नाही. तिचे उजवे तिच्या ठिकाणी असते. आपण उभे असतो समोर. शिकाऊ माणूस येथे हटकून बाभळीत शिरतो. यावर युक्ती एकच. आपण धुऱ्यावर उभे आहोत हे विसरायचे आणि त्या शिरस्त्राणवाल्या चिमुकल्या चालकाच्या जागी मनाने जाऊन बसायचे. लेकीला हे दोन दिवसांत जमले. मला दोन हंगाम लागले.

यंदा ती बारावी झाली. चांगले गुण मिळाले. पुण्याचे कॉलेज, तिथले वसतिगृह, सगळे आमच्या मनात ठरलेले होते. ती मात्र एका संध्याकाळी समोर येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, मला शेतकी शिकायचीय. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात. आणि नंतर आपलं शेत मीच करणार."

आमच्या जिल्ह्याचे नाव बाहेरगावच्या वर्तमानपत्रांत कशापायी येते, हे वाचकांना सांगायला नको. ज्या कापसाने येथली घरे उभी केली, त्याच कापसाच्या कर्जापायी कित्येक घरांतले कर्ते पुरुष गेले. शिकावे आणि शेतातून बाहेर पडावे, ही आमच्या पिढीची उजवी बाजू. त्याच बळावर माझ्या वडिलांनी मला एम.ए. केले. मी म्हणालो, "अगं, त्या मातीतून वर यायला आपल्याला दोन पिढ्या लागल्या."

ती शांतपणे म्हणाली, "पण दर रविवारी त्या मातीत तुम्हीच मला नेलंत ना?"

बॅटरी चार्जिंगला लावली होती. पंधरा मिनिटांच्या पळण्यासाठी ती कैक तास घेते, त्यामुळे बोलायला वेळ भरपूर होता. त्या तासांत मी तिला एवढेच विचारले, की तुझ्या जागेवरून काय दिसते? तिने सांगितले. कपाशीत तुरीच्या ओळी किती असाव्यात, मातीची तपासणी का करून घ्यावी, पाणी कोठे वाहून जाते आणि कोठे अडते. हे तिला कोणी शिकवले नव्हते. गाडी कोठे रुतते आणि कोठे उडते, ते पाहत पाहत तिने त्या चार एकरांचा नकाशा डोक्यात उतरवला होता. मी तिकडे सहा वर्षे गाडी पाहत होतो. ती जमीन पाहत होती.

माझी भीती गेली, असे म्हणणार नाही. पाऊस दगा देतो, भाव पडतो, आणि बापाचे मन काही चार्जिंगला लावून भरत नाही. तिची आई तर अजून पुण्याच्याच बाजूने आहे. अकोल्याचा अर्ज मात्र आम्ही भरला.

परवा लेकीने कागदावर शेताचा आराखडा काढला. धुऱ्यालगतच्या पडीत पट्ट्यावर तिने तूर दाखवली आहे. "पुढच्या खरिपात ही जागा लागेल, बाबा. नाकतोड्यासाठी दुसरं मैदान बघा."

मी शोधतो आहे. कोणाच्या पाहण्यात असल्यास कळवावे.