पिंपळावरचे, पारावरचे

दिवेलागण झाली की माझ्या गावच्या, पहूरच्या पिंपळाशी दोन प्रकारची वस्ती जागी होते. वर मुंजा. मुंज लागली, पण सोडमुंज व्हायच्या आत गेला. ना पोरांत, ना बाप्यांत, असा मधेच अडकलेला. खाली पारावर जिवंत पोरं. पदवी पदरात पडलेली, नोकरी न लागलेली. शेत आहे, पण शेती करणारा नवरा नको म्हणून हातची स्थळं परत गेलेली. रस्त्यानं जाणाऱ्याला ही पोरं विचारतात, "कुठी चालला भो?" आणि तेच त्यांना कोणी विचारलं की मोबाइलमध्ये बघतात. वरच्याला भिऊन खालच्यांनी पार सोडल्याचं मला आठवत नाही. दोघांचं बरं जमतं, आणि ते का जमतं हे मला एका हिंदी सिनेमानं दाखवलं. फार मोठा म्हणून कोणी त्याचं नाव घेत नाही.

‘फोन भूत’ ४ नोव्हेंबर २०२२ला लागला. त्याच दिवशी ‘मिली’ आणि ‘डबल एक्सएल’ही लागले होते, आणि तिघांपैकी कोणासाठीच थिएटरं भरली नाहीत. गुरमीत सिंग यांचा हा सिनेमा मेजर आणि गुल्लू या दोन खोलीसोबत्यांचा. सिद्धांत चतुर्वेदी आणि ईशान खट्टर. दोघांना भयपटांचं वेड, बाकी कशाचाच पत्ता नाही. खोली भुताखेतांच्या सामानानं भरलेली. त्यातल्या राका नावाच्या पुतळ्यापायी विजेचा धक्का बसतो आणि दोघांना खरोखरची भुतं दिसायला लागतात. मग येते रागिणी, म्हणजे कतरिना कैफ. ती स्वतः भूत, आणि धंद्याची अक्कल तिच्याकडेच. ज्याला भुताचा त्रास आहे त्यानं फोन करायचा, या दोघांनी जाऊन त्या भुताला मोकळं करायचं. आडवा येतो जॅकी श्रॉफचा आत्माराम, आत्मे कोंडून ठेवणारा.

सिनेमाचा नुसता गोंधळ आहे. जाहिरातींवरचे विनोद, जुन्या सिनेमांच्या नकला, समाजमाध्यमांवर फिरून शिळे झालेले टोमणे; एक प्रसंग पुरता बसत नाही तोवर दुसरा त्याच्या डोक्यावर. आत्मारामाची भीती कुठेच वाटत नाही, आणि भयविनोदाला हे परवडत नाही. हसू यायला आधी पोटात थोडा गोळा यावा लागतो. महमूदला १९६५च्या ‘भूत बंगला’त हे कळलेलं होतं. रामसे बंधूंना विनोद आणि भय कधी एकजीव करता आले नाहीत, पण १९८४च्या ‘पुराना मंदिर’मधला सामरी नुसता उभा राहिला तरी पुरत असे. ‘फोन भूत’मध्ये तसं कोणी उभं राहत नाही. तरीही मला हा सिनेमा जवळचा वाटतो, कारण त्याचा गोंधळ माझ्या ओळखीचा आहे. रात्री अडीच वाजता चार रिकामी पोरं एका खोलीत जशी बोलतात, तसा हा सिनेमा बोलतो. एका विषयाचं शेपूट धरून दुसरा येतो, मधेच कोणी कोणाची नक्कल करतो, आणि झोपायचं नाव कोणी काढत नाही, कारण सकाळी उठून कुठे जायचंच नसतं.

जळगावला मू. जे. महाविद्यालयाच्या आसपास अशा खोल्या खूप. पहूरची, शेंदुर्णीची, यावलची पोरं तिथे राहतात. सकाळच्या एसटीनं गावाहून डबा येतो; कंडक्टरच्या ओळखीवर आलेला, पिशवीवर नाव लिहिलेला डबा बसस्थानकावर जाऊन उतरवून घ्यायचा. रात्री स्टोव्हवर शेवभाजी, तिच्यावर लाल तवंग, आणि गावच्या पिठाची कळण्याची भाकरी जमेल तशी वाकडी. आमच्या खोलीत आधी परीक्षेच्या निकालाचा विषय निघायचा. तो संपला की, दुसरं बोलण्यासारखं नसल्यामुळे, भुतांचा. पिठाबरोबर प्रत्येकानं आपल्या गावचं भूतही आणलेलं असायचं. कोणाच्या विहिरीवर आसरा, कोणाच्या शिवारात चकवा, माणसाला रात्रभर त्याच बांधावर फिरवणारा. यावलकडचा पोरगा मुंजोबाचं सांगायचा. त्याच्या तालुक्यातल्या अट्रावलला माघात मुंजोबाची यात्रा भरते, नवस फेडायला लोक लोण्याचे गोळे वाहतात, आणि वाहिलेल्या वस्तूंना आपोआप आग लागते अशी तिथली श्रद्धा आहे. माझ्या गावात पिंपळावर अडकलेला पोरगा तिथे देव होऊन बसलेला, हे ऐकून मला फार बरं वाटलं होतं. इतकी वर्षं अधांतरी राहिल्यावर कोणीतरी त्याला पाट मांडून दिला होता.

मराठी सिनेमाला भुताचं आणि माणसाचं हे नातं हिंदीच्या आधी समजलेलं आहे. १९८२च्या ‘एक डाव भुताचा’मध्ये अशोक सराफ भूत होऊन येतात ते दिलीप प्रभावळकरांना हात द्यायला. पुढे प्रभावळकर स्वतःच पलीकडच्या बाजूला गेले. १९९३च्या ‘झपाटलेला’त त्यांचा तात्या विंचू रामदास पाध्यांच्या बाहुल्यात शिरला, आणि २००४च्या ‘पछाडलेला’त ते इनामदार भुसनळ्यांचं भूत झाले. ‘पछाडलेला’ मला या सगळ्यांत अस्सल वाटतो. परक्या गावात आलेली तीन तरुण पोरं, आणि राहायला मिळतो तो भुतांचा वाडा. परगावी खोली शोधलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. भाडं परवडतं त्या जागेत काही ना काही असायचंच. ‘फोन भूत’मधल्या दोघांची बेकारी रंगीत सजावटीसारखी आहे, तिला भूक लागत नाही. महेश कोठाऱ्यांच्या ‘पछाडलेला’तल्या पोरांना निदान डोक्यावर छप्पर लागतं, आणि त्या छपरापायीच सगळं घडतं.

शिवाय त्या वाड्यातली इच्छा पाहा. इनामदाराच्या पोराला मेल्यावरही लग्न करायचं आहे. वीस वर्षांनी आदित्य सरपोतदारांचा ‘मुंज्या’ आला, ७ जून २०२४ला, हिंदीत पण कोकणातल्या मातीतला; त्यातल्या मुंज्यालाही लग्नच हवं. लोक खदखदून हसतात, आणि हसावं असंच ते केलेलं आहे. पण आमच्या भागातल्या तिशी ओलांडलेल्या पोरांबरोबर बसून ते पाहिलं तर त्या हसण्याचा सूर वेगळा लागतो. वयाच्या, शिक्षणाच्या, रीतीच्या एका पायरीवर पाय ठेवलेला, पुढची पायरी कोणी काढून घेतलेली. मुंजाला दुसरं काय झालं होतं?

भुतांच्या वाटेत सापडलेल्या तरुण पोरांची गोष्ट वाघूर नदीच्या काठाला नवी नाही. वाघूर अजिंठ्याच्या डोंगरात उगवते, लेण्यांच्या पायथ्याशी सातकुंडात उड्या मारते आणि मग खाली आमच्याकडे येते. तिच्या त्या वरच्या वळणावर सतराव्या लेण्यात, पाचव्या शतकात, कोणीतरी भिंतभर एक भुताची गोष्ट रंगवून ठेवली आहे. सिंहल नावाचा व्यापाऱ्याचा मुलगा सोबत्यांना घेऊन समुद्रावर निघतो, जहाज फुटतं, आणि सगळे एका बेटावर लागतात. तिथे सुंदर बायका त्यांचं स्वागत करतात. त्या राक्षसिणी असतात, माणसं खाणाऱ्या. सिंहलाला उडता घोडा वाचवतो. मागे वळून पाहणारे खाली पडतात. फर्दापूरहून आलेली सहल त्या भिंतीपुढे गाइडच्या बॅटरीच्या उजेडात उभी राहते तेव्हा मला दरवेळी त्या सोबत्यांकडे बघावंसं वाटतं. त्यांना नावं नाहीत. ते कमवायला बाहेर पडलेली पोरं आहेत. चित्रकारानं त्यांना मद्याचे पेले दिले, बायकांच्या मिठ्या दिल्या, आणि मग त्यांच्या अंगावर दात रोखले. मौज आणि भीती एकाच भिंतीवर, हातभर अंतरावर. २०१३च्या ‘गो गोवा गॉन’मध्ये खोलीसोबती मौजेसाठी बेटावर जातात आणि तिथे प्रेतं उठतात. तो सिनेमा पाहताना मला सतरावं लेणं आठवलं, आणि त्यात काही ओढूनताणून आहे असं अजूनही वाटत नाही.

‘फोन भूत’ मी दुसऱ्यांदा पाहिला तो शेतात. हिवाळ्यातले दिवस, चुलतभावाच्या मक्याला पाणी भरायचं होतं आणि त्या आठवड्यात थ्री फेजची पाळी रात्रीची. शेतीची लाइट दिवसा काही दिवस, रात्री काही दिवस अशी वाटून येते, आणि रात्रीच्या पाळीत घरातला तरुण पोरगाच जातो. मोटारीच्या खोलीत आम्ही तिघं, गोधड्या पांघरून, मोबाइल स्टार्टरच्या पेटीला टेकवून ठेवलेला. दर अर्ध्या तासानं एकानं उठायचं, विजेरी घेऊन जायचं, भरलेल्या सरीचं तोंड बांधायचं आणि पुढच्या सरीचं फोडायचं. सिनेमा मात्र थांबवायचा नाही, परत आलेल्यानं काय चुकलं ते विचारून घ्यायचं. या सिनेमाला असं पाहणं मानवतं. काहीच फारसं चुकत नाही.

धाकट्या भावाला मी विचारलं, इथे रात्री भीती वाटत नाही का? तो म्हणाला, "वाटते ना. बिबट्याची वाटते. सापाची वाटते. ओल्यात उघडी वायर पडेल असेल तर तिची वाटते." भुताची? "भूत आलं तं बरंच होईन भो, एक सरी तो पाहीन." तो हे हसवायला म्हणाला नव्हता. बी.एस्सी. झालेला, पोलीस भरतीसाठी पहाटे जळगाव रस्त्यावर धावणारा पोरगा तो. रात्री पाणी भरून पहाटे धावायचं, दुपारी अभ्यासाला बसलं की डोळे मिटायचे. पडद्यावर रागिणी त्या दोघांना सांगत होती की तुम्ही भुतांना मोकळं करा. भावानं गोधडीतून मान वर काढली आणि पहिल्यांदा नीट लक्ष देऊन ऐकलं.

सिनेमातली सगळ्यात चांगली कल्पना तीच आहे. आपल्याकडे भूत उतरवतात, झाडतात, बाटलीत भरतात, खिळा ठोकून झाडाला बांधतात. इथे दोन बिनकामाची पोरं भुताला विचारतात, तुझं काय राहिलंय? आणि ते राहिलेलं पुरं करून देतात. हे विचारायला तेच लायक आहेत. ज्याचं सगळं वेळच्या वेळी झालं, शिक्षण, नोकरी, घर, लेकरं, त्याला पिंपळाखालून जाताना वर कोण आहे हे बघायची गरज पडत नाही. अडकलेल्यालाच दुसरा अडकलेला दिसतो. ‘फोन भूत’ला हे सापडतं आणि तो ते हरवून बसतो, पुढच्या नकलेच्या नादात. मला त्याचा रागही येतो आणि तरी तो एवढा जवळ गेला याचं कौतुकही वाटतं.

पहूरचा असा सिनेमा कोणी करावा, असं मला मनापासून वाटतं. पेठ आणि कसबे अशा दोन ग्रामपंचायतींच्या या गावात भूत-गिऱ्हाइकांची वाण पडणार नाही. पाचोऱ्याहून वरखेडी, शेंदुर्णी करत जामनेरला जाणारी पीजे ही रेल्वेगाडी होती. लहान रुळांची, शंभर वर्षं धावलेली, २०२०च्या मार्चात टाळेबंदीत थांबली ती थांबली. आता तिच्या जागी रुंद रूळ यायचे आहेत. त्या गाडीची वाट पाहत राहिलेला एखादा प्रवासी तरी असेलच. वाघूरच्या डोहाशी येणारी एखादी सासुरवाशीण असेल, माहेरचा निरोप न पोचलेली. एखादा सालदार असेल, ज्याचा हिशेब मालकाकडे राहून गेला. पारावरची पोरं त्यांचे फोन घेतील, रात्री मोटारसायकलवर ट्रिपल सीट जातील, रस्ता चुकतील, भांडतील, भरीत-भाकरी खायला बांधावर बसतील आणि भुतालाही पत्रावळ वाढतील. बोली आमची असावी, कोणी ती खळखळून हसवायची बोली म्हणून वापरू नये. मुंजाची सोडमुंज गावानं लावावी, वाजतगाजत. आणि शेवटी माझ्या भावासारख्या पोराला नोकरी लागावी ती भुताच्या कृपेनं नको. भरतीची जाहिरात वेळेवर निघावी, पेपर फुटू नये, आणि यादीत त्याचं नाव यावं.