मुलीची अट

२०१७ च्या ऑगस्टमध्ये सोलापूरचा १४ वर्षांचा एक मुलगा घर सोडून पुण्याच्या एसटीत बसला. पोलिसांनी त्याला भिगवणला उतरवून घेतले. ‘ब्लू व्हेल’ या जीवघेण्या खेळाचे नाव पुढे आले. बार्शीतल्या आमच्या मोहल्ल्यात घरोघरी मुलांचे मोबाईल काढून घेतले गेले. वाईट काही दिसले तरी मुले सांगेनात. सांगितले की फोन जातो!

परवा माझी मुलगी दबकत म्हणाली, “अब्बा, फोन काढून घेणार नसाल तर एक दाखवते.” अनोळखी माणसाने पाठवलेला घाणेरडा फोटो होता. त्या फोटोपेक्षा मला तिच्या अटीची धास्ती वाटली. मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे, पोलीस आहेत. पण आधी मुलाने घरात तोंड उघडायला हवे ना? फोन तिच्याकडेच राहिला. तक्रार द्यायला आम्ही दोघे मिळून गेलो.