पेनाचं वय

जुन्या वस्तूचं वय घरच्यांना विचारलं, तर वय बाजूलाच राहतं आणि गोष्ट ऐकायला मिळते. आमच्या फाउंटन पेनाचीही एक गोष्ट आहे. आजेसासऱ्यांनी 1942 साली ग्वाल्हेर संस्थानातली नोकरी सोडली, तो राजीनामा याच पेनाने लिहिला. आत्याबाई दर पंधरा ऑगस्टला ती सांगतात.

लष्करमधलं जुनं घर सोडून आम्ही सिटी सेंटरला आलो, तेव्हा हे पेन माझ्या कपाटात आलं. दिसायला जरा वेगळंच. निब जवळजवळ सगळी झाकलेली, टोक तेवढं डोकावतं. टोपणावर बाण. ही पार्कर 51 ची खूण. कंपनी 1888 ची. तिच्या एकावन्नाव्या वर्षी, 1939 मध्ये, पेन तयार झालं म्हणून नाव 51. बाजारात आलं 1941 मध्ये. म्हणजे गोष्ट खरी असू शकत होती.

मागची टोपी फिरवून काढली. आत दट्ट्या, पुन्हापुन्हा दाबून शाई ओढायचा. अमेरिकेतल्या 51 मध्ये 1948 पासून त्याच्या जागी चिमटून भरायची प्लास्टिकची पिशवी येऊ लागली. मग भिंग घेतलं. पेनाच्या अंगावर 'मेड इन यू.एस.ए.' आणि शेजारी बारीक 7. हा सालाचा शेवटचा अंक. 1937 शक्य नाही, तेव्हा 51 नव्हतंच. 1957 शक्य नाही, तोवर दट्ट्या गेला होता. उरलं 1947.

"आत्याला सांगू नकोस," हे म्हणाले. पण जाऊबाईंचा नातू यंदा तीच गोष्ट शाळेत लिहून नेणार होता. शिवाय राजीनामा खरा होता; तो मंजूर झाल्याचा शिक्क्याचा कागद आजही पेटीत आहे. खोटं होतं ते फक्त पेनाचं.

मी सांगितलं. आत्याबाई पेन तळहातावर धरून बराच वेळ बसून राहिल्या.

"मग पहिलं विकलं असणार," त्या म्हणाल्या. "नोकरी सुटल्यावर आईच्या पाटल्या गेल्या, ते ठाऊक होतं गं. पेनाचं दादांनी कुणाला सांगितलंच नसेल."

नातवाने गोष्ट लिहून नेली. तीत आता पाटल्याही आहेत.