वाऱ्याचा घाट

रविवार, जून. डार्विनमध्ये कोरडा ऋतू लागला की पहाटे पारा 20 अंशांपर्यंत उतरतो आणि इथली माणसं कपाटातून स्वेटर बाहेर काढतात. काल सायकलवर एकट्याने घड्याळाशी शर्यत झाली, आज रस्त्यावरची, गटाने. मांड्या अजून भरलेल्या होत्या.

माझ्या लहानपणी बाबा मुंबई-पुणे सायकल शर्यतीबद्दल सांगायचे. बोरघाट सगळ्यांत आधी चढेल तो 'घाटाचा राजा'. इथे घाट नाही. सपाट रस्ता, कडेला निलगिरी, माणसाहून उंच वारुळं आणि समोरून आग्नेयेचा वारा. माझ्यासाठी तोच घाट.

आजची शर्यत हँडिकॅप पद्धतीची: हळू चालवणारे आधी सुटतात, तगडे शेवटी. आम्ही पहिल्या गटातले सहा जण. प्रत्येकाने थोडा वेळ पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, कोपर हलवायचं, बाजूला होऊन मागे यायचं. मागच्याला बरेच कमी कष्ट पडतात, म्हणून पुढचं चाक आणि माझं चाक यांत जेमतेम वीतभर अंतर. नजर त्या फिरणाऱ्या रबरावरच.

उत्साहात मी पुढे जास्तच वेळ राहिलो आणि गटाच्या शेपटीवरून सुटलो. साठीच्या एका बाईंनी मागे वळून पाहिलं, वेग कमी केला, मला आडोशाला घेतलं. त्यांची स्वतःची जागा त्यात गेली. असं मला जमलं असतं का, हे दिवसभर मनात आहे.

साडेनऊला शर्यत संपली. भारतात साडेपाच. फोन केला तर बाबा उठलेले होते. त्यांनी नंबर विचारला नाही. म्हणाले, "वारा कुठून होता?"